थ्रिलर करताय ना, मग रक्ताचं आधी बघा
अरे, स्क्रिप्ट भारी झालीये तुझी, पण शूटच्या आदल्या रात्री सामान गोळा करायला पळू नकोस. ज्याला चाकू लागणारे त्याचा शर्ट एकसारखे तीन घे, कारण रक्त लागलं की रिटेक संपला. बारीक चौकडा नको, कॅमेऱ्यात लहरी दिसतात.

खोटं रक्त घरीच बनवता येतं, बेकरीच्या सामानाच्या दुकानातून लिक्विड ग्लुकोज (पाकासारखं घट्ट असतं) आण, त्यात खायचा लाल रंग आणि चिमूटभर कोको, नुसता लाल रंग सरबतासारखा दिसतो रे! आधी हातावर लावून बघ, खाज येते का, आणि डाग राहतो तेही सांगून ठेव ज्याच्या अंगाला लावणारेस त्याला. प्रत्येक शॉटनंतर मोबाईलवर फोटो काढ, जखम डाव्या गालावर होती का उजव्या हे दुपारी कुणालाच आठवत नाही, आमची अख्खी एक रात्र यातच गेली होती.

इन्स्पेक्टरचा ड्रेस ड्रेपरीवाल्याकडे, म्हणजे नाटकाचे कपडे देणाऱ्याकडे, भाड्याने बघ, आपली सांगली नाट्यपंढरी आहे, १८४३ पासून इथं नाटकं होतायत. खरा चाकू मात्र अजिबात नको. आणि कृष्णेच्या घाटावर खोटं पिस्तूल काढणार असशील तर आधी पोलीस स्टेशनला लेखी कळव, लोक खरंच घाबरतात.