करंगळी जन्मतः वाकडी, ऑपरेशन कधी?

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलीची उजवी करंगळी जन्मापासून मधल्या सांध्यात वाकलेली आहे. दुखत नाही, मूठ पूर्ण मिटते, पण बोट सरळ होत नाही. डॉक्टरांनी ४० अंशांचा बाक मोजला. घरचे म्हणतात, आत्ताच ऑपरेशन उरकून घ्या. काय करावे?
— एक आई, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : ताई, घाई नको. मूठ पूर्ण मिटते ही मुलीची जमेची बाजू, आणि ऑपरेशनात नेमकी तीच पणाला लागते.

या दोषाला कॅम्प्टोडॅक्टिली म्हणतात. मनगट तळव्याकडे वाकवून करंगळी हलकेच सरळ करून पाहा. ती जास्त उघडली, तर बोट वाकवणारी कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) आखूड आहे. तेवढीच अडली, तर सांधाच आखडला आहे. बाजूने काढलेल्या एक्स-रेमध्ये हाडाचे टोक चपटे दिसले, तर ऑपरेशनचा फायदा कमीच होतो.

आधी किमान सहा महिने रात्री स्प्लिंट (बोट सरळ धरून ठेवणारा आधार) आणि दिवसातून चार-पाच वेळा हलका ताण द्या. मालिशवालीकडून झटका देऊन बोट सरळ करून घेऊ नका. स्प्लिंट गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लास्टिकचा असतो. सोलापूरच्या उन्हात गाडीच्या डिकीत राहिला तर आकार बिघडतो. घामाने कातडी पांढरी पडून सोलते, म्हणून रोज धुऊन कोरडा करा.

एवढे करूनही बाक ६० अंशांच्या पुढे गेला किंवा कामात बोट अडू लागले, तरच हाताच्या सर्जनशी ऑपरेशनचे बोला. त्यात पूर्ण भूल देऊन तळव्याकडची कातडी नागमोडी कापतात, आखूड कंडरा सोडवतात आणि गरज पडली तर सांध्यापुढचे घट्ट पडदेही. कातडी अपुरी पडली तर दुसरीकडची लावतात. मग रक्त थांबवायला दंडाला आवळलेला पट्टा सोडून बोटाचा रंग बघतात. लहानपणापासून आखडलेल्या रक्तवाहिन्या एकदम ताणल्या तर बोट पांढरे पडते. तेव्हा थोडा बाक परत द्यावाच लागतो. साधारण तीन आठवडे सांध्यात तार, नंतर व्यायाम आणि काही महिने रात्रीचा स्प्लिंट. हा शेवटचा भाग टाळला की बोट पुन्हा वाकते, किंवा सरळच ताठ राहून मूठ मिटत नाही.

दहा ते चौदा वर्षांच्या दरम्यान उंची झपाट्याने वाढते, तेव्हा बाकही वाढू शकतो. म्हणून दर सहा महिन्यांनी अंश मोजून वहीत लिहा. अंगठ्याचे टोक वाकून अडकत असेल तर तो ट्रिगर थंब. त्याचे ऑपरेशन वेगळे आणि बरेच सोपे.