‘मस्ट’चा भूतकाळ

प्रश्न : ‘काल मला बँकेत जावं लागलं, म्हणून उशीर झाला’ हे साहेबांना इंग्रजीत कळवायचं होतं. ‘आय मस्ट हॅव गॉन टू द बँक’ असं लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, ‘म्हणजे तुम्हालाच आठवत नाही?’ ‘मस्ट’ म्हणजे ‘पाहिजेच’ ना? मग चुकलं कुठे?

उत्तर : साहेबांनी बरोबर वाचलं. ‘मस्ट हॅव गॉन’ म्हणजे ‘गेलो असणार’, नुसता अंदाज. सक्तीच्या ‘मस्ट’ला स्वतःचं भूतकाळी रूपच नाही, तिथे ‘हॅड टू’ लागतं : ‘आय वॉज लेट बिकॉज आय हॅड टू गो टू द बँक.’ (‘ही सेड आय मस्ट गो’ असं दुसऱ्याचं बोलणं सांगताना मात्र ‘मस्ट’ चालतं.)

‘हॅड टू’पुढे क्रियापद मूळ रूपातच. ‘हॅड टू वेन्ट’ नाही, कारण भूतकाळ ‘हॅड’ने दाखवून झालाय. प्रश्नात आणि नकारात ते काम ‘डिड’ करतं, म्हणून ‘हॅड’चं परत ‘हॅव’ होतं : ‘डिड यू हॅव टू गो?’, ‘आय डिडन्ट हॅव टू गो’. ‘डिडन्ट हॅड टू’ ही चूक चांगले शिकलेलेही करतात.

‘जायला हवं होतं’, पण गेलो नाही, याला ‘शुड हॅव गॉन’. खरी पंचाईत आपल्या ‘जायचं होतं’ची. इच्छा होती तर ‘वॉन्टेड टू गो’, ठरलं होतं तर ‘वॉज सपोज्ड टू गो’. तिथे ‘हॅड टू गो’ म्हणालात तर ऐकणारा सहसा तुम्ही जाऊन आलात असंच धरून चालतो.

गरज नसण्यातही दोन तऱ्हा आहेत. पाहुणे येणार म्हणून दोन लिटर दूध आणलं आणि ते आलेच नाहीत : ‘आय नीडन्ट हॅव बॉट द मिल्क’, उगाच आणलं. ‘आय डिडन्ट नीड टू बाय मिल्क’ एवढंच सांगतं की गरज नव्हती; आणलं की नाही, ते पुढच्या वाक्यावरून कळेल. बोलताना बरेच जण दोन्हीकडे ‘डिडन्ट नीड टू’च वापरतात.

आणि मनाई सांगायची असेल तर ‘डिडन्ट हॅव टू’ नको. ‘वी डिडन्ट हॅव टू पार्क देअर’ म्हणजे तिथे गाडी लावायची गरज नव्हती. लावायला बंदी होती, तर ‘वी वेअरन्ट अलाउड टू पार्क देअर’.