नकाशे काढून पोट भरतं का?

पत्र : मुलीला बारावी सायन्सला ७४ टक्के. तिला भूगर्भशास्त्र घेऊन पुढे जीआयएस (संगणकावर नकाशे आणि त्यांवरची माहिती एकत्र अभ्यासायचं तंत्र) करायचंय, खाणींमुळे कुठल्या घरांना धोका आहे ते शोधायला. २०२२ मध्ये घुग्घुसला घर जमिनीत गडप झालं, तेव्हापासून ती आमच्या भिंतींवरच्या तड्यांशेजारी पेन्सिलने तारखा लिहायची. दिवाळीत पुट्टी मारून तो नाद संपवला. पुण्यात मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळतंय. नकाशे काढून पोट भरतं का? तिला समजवा.
– एक पालक, चंद्रपूर जिल्हा

उत्तर : मला मार्कांची काळजी नाही, त्या पुट्टीची आहे. तड्याच्या टोकाशी खूण करून तारीख घालणं ही इमारत तपासण्याची साधी, खरी पद्धत. पोरगी कुणी न शिकवता ते करत होती. तुम्ही तिची वही पुसलीत, आणि तडा वाढतोय की थांबलाय हे कळायची सोयही घालवलीत.

आता ‘नकाशे काढणं’. नकाशा शेवटी येतो. आधी खाण किती खोल, कोळशाचा थर किती जाडीचा काढला, छताला आधार म्हणून कोळशाचे खांब ठेवले की तेही काढले, वरचं घर किती लांब, पाया कसला, हे सगळं एकमेकांवर ठेवून पाहायचं. खाणीच्या मधोमधचं घर सर्वांत धोक्यात, असं आपल्याला वाटतं. पण कोळशाचा सलग मोठा पट्टा काढला की जमीन बशीसारखी खचते. मध्यावर सर्वांत खोल, पण ताण आणि कल काठाकडे जास्त, म्हणून तिथली घरं तडकतात. पोलंडमध्ये अशा जमिनीचे वर्गच पाडलेत : मीटरमागे दीड मिलिमीटरपर्यंत जमीन ताणली जात असेल तर पहिला, नऊच्या वर गेला की पाचवा. घर तेवढं सोसेल का, हे वेगळं तपासतात. उथळ, जुन्या खाणीवर मात्र छत कोसळून एकदम खड्डा पडतो. तिथे जुने खाण-नकाशे आजच्या घरांशी जुळवणं हेच मोठं काम, आणि ते नकाशे बऱ्याचदा अर्धवट असतात.

तिलाही सांगा, तीन महिन्यांच्या जीआयएस कोर्सला पैसे घालू नकोस. क्यूजीआयएस हे त्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. घर का तडकतं हे आधी शीक. त्यासाठी मी भूगर्भशास्त्रापेक्षा सिव्हिल सुचवेन. पुढे एमटेकसाठीच्या गेट परीक्षेला जिओमॅटिक्सचा (जमीन मोजणी आणि नकाशांच्या शास्त्राचा) पेपर आहे.

निव्वळ या कामाच्या नोकऱ्या थोड्याच, हे खरं. पण जीआयएस येणारा माणूस पाणी, रस्ते, जमीन मोजणीतही लागतो. कोट्याची फी भरण्याआधी घराची तपासणी करून घ्या. अर्ज तिला लिहू द्या, तारखा तिला पाठ असतील.