कुंपणाची छाटणी आणि पक्ष्यांची घरटी

प्रश्न : इंग्लंडमधील आमच्या शेताच्या जिवंत कुंपणाची छाटणी ऑगस्टमध्ये करता येईल का?

उत्तर : सहसा नाही. २०२४ च्या नियमांनुसार शेतजमिनीलगतच्या कुंपणांची छाटणी १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात करता येत नाही. रेप या मोहरीवर्गीय तेलबियांची पेरणी करायची असल्यास मात्र रुरल पेमेंट्स एजन्सी या शेती अनुदाने हाताळणाऱ्या सरकारी संस्थेकडे ऑगस्टपुरती लेखी परवानगी मागता येते. तरीही सप्टेंबर लागताच यंत्र चालवू नये, कारण यलोहॅमरसारखे पक्षी तेव्हाही पिल्ले वाढवत असू शकतात आणि वापरातील घरटे जाणूनबुजून मोडणे हा १९८१ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वर्षभर गुन्हाच आहे. आमचे आग्रहाचे सांगणे असे, की शक्यतो जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत थांबावे, म्हणजे कुंपणातील हॉथॉर्न या काटेरी झुडपाची फळे ऐन थंडीत पक्ष्यांना मिळतील. आणि ही फळे जुन्या फांद्यांवर धरत असल्यामुळे सगळे कुंपण दर वर्षी न कापता आलटूनपालटून कापावे.