पाकिटावरचा शिक्का पाहिलात का?

कराडचे एक कंत्राटदार लिहितात: पाटण तालुक्यातल्या रस्त्याच्या सरकारी कामाला १८.५ टक्के बिलो (अंदाजपत्रकी दरापेक्षा कमी) भरले आणि एल-१, म्हणजे सर्वांत कमी दराचा, ठरलो. खडीचे लीड, म्हणजे ती वाहून आणायचे अंतर, १२ किलोमीटर धरले होते, निविदेच्या लीड चार्टमध्ये ते ४१ निघाले. हे मार्चमध्ये लक्षात आले. काम घेतले तर १९ लाख अंगावर येतात. ऑफर १२० दिवस वैध, निविदा भरण्याची शेवटची तारीख ६ जानेवारी. स्वीकृतीपत्रावर तारीख ५ मे, पण पोस्टाने हाती पडले ११ मेला. म्हणजे मी सुटलो ना? १ लाख ४० हजारांची बयाणा रक्कम परत मिळेल ना?

लीडचे रडगाणे आधी बाजूला ठेवा. एकट्याच्या चुकीमुळे करार मोडता येत नाही. पश्चिम बंगाल वीज मंडळ विरुद्ध पटेल इंजिनिअरिंग या २००१ च्या निकालात संगणकामुळे दर चुकले असे सांगणाऱ्यालाही सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती करू दिली नाही. तुम्ही तर चार्ट उघडलाच नव्हता.

सगळे अडले आहे तारखेवर, पण ११ मेवर नव्हे. करार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे स्वीकृती तुमच्या हाती पडली कधी याला महत्त्व नाही. ती समोरच्याच्या हातून सुटली की तुम्ही बांधले गेलात. त्यामुळे पाकीट शोधा. स्पीड पोस्टाच्या क्रमांकावरून बुकिंगची तारीख निघते. पत्रावर ५ मे लिहून ते टपालात ८ मेला पडले, हे आपल्या कचेऱ्यांत नवीन नाही. तसे असेल तर माहिती अधिकारात जावक बारनिशीची नक्कल मागा. आणि हो, ईमेल व महाटेंडर्स या सरकारी ई-निविदा संकेतस्थळाचे लॉगिन उघडा. तिथे तेच पत्र ५ मेला आले असेल, तर पोस्टाचा वाद घालून उपयोग नाही.

आता १२० दिवस कुठून मोजायचे? ६ जानेवारीपासून मोजले तर ६ मेला संपतात. लिफाफा उघडल्यापासून म्हटले असेल आणि तो तुमच्या सांगण्याप्रमाणे ९ जानेवारीला उघडला असेल, तर ९ मे. ८ मेला टाकलेले पत्र पहिल्या हिशेबात मेलेले, दुसऱ्यात जिवंत. निविदेतले ते एक वाक्य तुम्ही मला पाठवलेले नाही. बाकी चाळीस पाने पाठवलीत.

पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिले आहे की एप्रिलमध्ये कार्यालयातून व्हॉट्सअ‍ॅपवर ‘वैधता वाढवायला हरकत नाही ना?’ असे विचारले आणि तुम्ही अंगठा पाठवलात. पूर्वी न वाचता कागदावर अंगठा उठवायचे, तसलाच हा. ती लेखी संमती ठरेल का, हे निविदेत संमती कशी द्यायची म्हटले आहे त्यावर जाईल. मी छातीठोक सांगणार नाही. पण ती ठरली, तर वरचा सगळा हिशेब वाया.

मार्चमध्येच ऑफर मागे घेतली असती तर? बयाणा बहुधा गेलीच असती. वैधतेच्या काळात माघार घेणाऱ्याची ती जप्त करता येते, हे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण विरुद्ध गंगा एंटरप्रायझेसमध्ये २००३ सालीच ठरले आहे. पण करार झाला नसता. आता तो झाला असेल तर बयाणेशिवाय फेरनिविदेतल्या फरकाची मागणी आणि काळ्या यादीची नोटीसही येऊ शकते. काळ्या यादीत टाकण्याआधी म्हणणे ऐकून घ्यावेच लागते, एवढा आधार आहे.

कोर्टाचे विचाराल, तर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच असल्याने रिटसाठी मुंबई गाठावी लागत नाही. तरी कराराच्या वादात ‘दिवाणी दावा करा’ असे ऐकायची तयारी ठेवा, आणि दाव्याला किती वर्षे लागतात हे तुम्हाला मी सांगायला नको.

अनामत भरून करारनाम्यावर सही करण्याची मुदत स्वीकृतीपत्रात असेलच. ती उलटण्याआधी, तारखा तपासून, वैधता संपल्याचा मुद्दा लेखी कळवा आणि पोच घ्या. त्या पत्रात लीडचा ‘ल’सुद्धा नको. व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो संवाद पुसू नका. समोरच्याच्या फोनमध्ये तो आहेच.