गिऱ्हाईक मोबाईल पुढे करतं तेव्हा

बाळा, तू दुकान टाकतोयस, फार बरं वाटलं. सोलापूरच्या चाटी गल्लीत, कापडाच्या दुकानात माझी तीस वर्षं गेली, म्हणून सांगतो. आता गिऱ्हाईक कापडाला हात लावायच्या आधी मोबाईल पुढे करतं, "त्या नटीनं नेसलेली तसलीच दाखवा."

गेल्या लग्नसराईत एक मुलगी आईला घेऊन आली. फोटोतला मोरपंखी रंग काही केल्या मिळेना. पोरगी रडकुंडीला आली. मी साडी बाहेर उन्हात नेऊन धरली. म्हटलं, "ताई, फोटोत दिवे असतात, वरून रंग चढवलेला असतो. खरा रंग हा." आईनं पदर चिमटीत धरून पाहिला आणि दोघींनी दुसरीच साडी घेतली.

असं उन्हात दाखवायची सवय लाव. चेहरा ओळखीचा असला की माणूस वस्तूवरही भरवसा टाकतो, आणि तीच जाहिरात दहादा दिसली की खरी वाटू लागते. चेहऱ्याला पैसे मिळालेत हे कुणाच्या ध्यानात राहत नाही.

तुझ्या जाहिरातीतही सांभाळ. यंत्रमागाचा माल हातमागाचा म्हणून खपवू नकोस. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, जाहिरात करणाऱ्या प्रसिद्ध माणसालाही. रील बनवणाऱ्या पोरांना चादर फुकट दिलीस, तर 'जाहिरात' असं ठळक लिहायला लाव. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. बाहेरच्या मालाला ते नाव लावायचं नाही, कितीही नफा दिसला तरी.

गड्ड्याच्या जत्रेआधी एकदा ये. चादरीची दोन्हीकडची नक्षी कशी बघायची, ते हातात देऊन दाखवतो.