जूनचे पैसे जूनमध्ये

सप्रेम नमस्कार,

तुझा प्रस्ताव दोनदा वाचला. भाषा स्वच्छ आहे, आकडे नीट मांडलेत, आणि बीडमधल्या ऊसतोड कुटुंबांतल्या मुलांना कॉलेजपर्यंत पोचवायचं काम तू करशील याबद्दल मला शंका नाही. तरी आहे तसा पाठवू नकोस. कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) विभागात असे प्रस्ताव वाचण्यात माझी बरीच वर्षं गेली. हा मंजूरही होईल कदाचित, पण मुलांच्या हातात पैसे भलत्याच महिन्यात पडतील.

पहिल्याच पानावर लिहिलंयस : कालावधी १ एप्रिल ते ३१ मार्च. हे कंपनीचं वर्ष झालं. तुझ्या मुलांचं वर्ष वेगळं आहे आणि ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पावसाळ्यात मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या कंत्राटदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतली जाते, दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात, कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी कर्नाटकात. मुलगी आजीपाशी राहते. ती बारावीला असेल तर बोर्डाचा फॉर्म, सीईटीचा फॉर्म, नीटचा फॉर्म, सगळं आईबाप फडावर असताना. गाळप संपून ते परततात तेव्हा हातात फारसं काही उरलेलं नसतं, आणि त्यानंतर दोन-तीन महिन्यांत कॅप राउंड (केंद्रीय प्रवेशफेरी), कॉलेजची अनामत, खोलीचं डिपॉझिट, मेसचे आगाऊ पैसे. महाडीबीटीची, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवरची, शिष्यवृत्ती मंजूर होऊन खात्यात यायला पहिलं सत्र सहज निघून जातं.

आता कंपनीकडे बघ. एप्रिल-मे हिशेब आणि ऑडिट. मग समितीची बैठक, वार्षिक आराखडा, तुझ्या संस्थेच्या कागदांची तपासणी, करार. पहिला हप्ता ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुटला तरी नशीब. आणि फेब्रुवारीत फोन येतो, ‘३१ मार्चच्या आत खर्च दाखवा.’ जून सरलेला असतो, अनामत न भरता आलेला मुलगा एव्हाना टोळीबरोबर गेलेला असतो, आणि उरलेल्या पैशांतून शाळेत दप्तरं वाटली जातात. मार्च महिन्यात एवढे दप्तरवाटपाचे फोटो का दिसतात, याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं.

यावर उपाय कायद्यातच आहे, पण नवख्या संस्था तो मागत नाहीत. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ प्रमाणे पात्र कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. त्यातच ‘ऑनगोइंग प्रोजेक्ट’ नावाची सोय आहे. प्रकल्प सुरू झाला ते आर्थिक वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत तो चालू शकतो. वर्षात न खर्चलेली रक्कम कंपनी ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवते आणि त्याच प्रकल्पावर पुढे वापरते. म्हणून एका वर्षाचा प्रकल्प मागूच नकोस. अकरावीच्या जूनपासून पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंतचा प्रकल्प माग, आणि संचालक मंडळाच्या ठरावात तो ऑनगोइंग म्हणून नोंदवा असं आधीच सांग. रक्कम कमी मिळाली तरी चालेल, हप्ता मेमध्ये हवा.

आता बजेट. निम्म्याहून जास्त पैसे तू टॅब आणि ऑनलाइन लेक्चरवर टाकलेत. देणाऱ्याला ते आवडेल, पण तुझी मुलं टॅबवाचून अडलेली नाहीत. ती अडतात ती उत्पन्नाचा दाखला वेळेत निघाला नाही, सीईटीचं केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात आलं, बँक खातं आधारला जोडलेलं नव्हतं म्हणून शिष्यवृत्ती परत गेली, अशा गोष्टींवर. यासाठी एक ‘प्रवेश निधी’ धर : परीक्षा शुल्क, प्रवास, दाखल्यांचा खर्च, अनामत, पहिल्या दोन महिन्यांची मेस. शिष्यवृत्ती आल्यावर हे पैसे मुलांकडून परत घ्यायची कल्पना तू मांडली आहेस. अगं, ते काढून टाक. वसुलीची वही ठेवायला लागलीस की तूही मुकादमच होशील.

सगळ्यात चिवट प्रकार जात पडताळणीचा. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचं तर वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी जुने पुरावे. भटक्या-विमुक्तांना १९६१पूर्वीचे, इतर मागासवर्गीयांना १९६७पूर्वीचे. म्हणजे आजोबांच्या, कधी पणजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा शोधायचा, आणि ते शाळेत गेलेच नसतील तर महसुली कागद. हे काम बारावीच्या मे महिन्यात होत नाही. ते अकरावीच्या पावसाळ्यात, वडील गावात असतानाच करावं लागतं. त्यासाठी तहसील आणि पडताळणी समितीचे खेटे घालणारा एक माणूस हवा, पगारी हवा. तुझ्या बजेटात तो नाही. ‘स्वयंसेवक करतील’ असं लिहिलंयस. स्वयंसेवक पुण्याहून शनिवारी येतात आणि सरकारी कार्यालयं शनिवारी बंद असतात.

पगार दाखवायला तू घाबरलीस, कारण ‘५ टक्क्यांच्या वर प्रशासकीय खर्च चालत नाही’ असं कुणीतरी सांगितलं असणार. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे. प्रकल्प राबवण्यासाठी थेट लागणारा खर्च त्यात धरला जात नाही. कागदपत्रांचा माणूस आणि समुपदेशक हे तुझ्या प्रकल्पाचा गाभा आहेत, त्यांना ‘इतर खर्च’ या ओळीत लपवू नकोस. अधिकारी हुज्जत घालतील. घालू देत.

निवडीचा निकष ८५ टक्के ठेवलायस, तो मला अजिबात पटला नाही. बीडपासून क्लासेसचं लातूर लांब नाही. दहावीला नव्वदी गाठलेल्या पोराला फ्लेक्सवर फोटो लावण्याच्या बदल्यात फीमाफी देणारे क्लास आपणहून शोधत येतात. साठ-पासष्ट टक्केवाल्या पोरीला कोणी शोधत येत नाही, आणि तिचंच लग्न ठरण्याचा धोका सगळ्यात जास्त. २०२४-२५पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालंय. मोठा निर्णय आहे तो. पण त्यात राहणं-खाणं येत नाही, आणि घरचे अडतात ते तिथेच. वसतिगृह न मिळालेल्यांसाठी समाजकल्याणची स्वाधार आणि बहुजन कल्याणची सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. प्रस्तावात सरळ लिही की सरकारचे पैसे येईपर्यंतची मधली दरी आम्ही भरणार.

आणखी एक भाग वाढव : आठवी. एनएमएमएसची, म्हणजे केंद्राच्या शिष्यवृत्तीची, परीक्षा पास झालेल्या मुलाला नववीपासून बारावीपर्यंत दरवर्षी १२,००० रुपये मिळतात, चार वर्षांत ४८,०००. अट साडेतीन लाखांपर्यंतच्या उत्पन्नाची, आणि शाळा सरकारी, जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित हवी. शासनाच्या निवासी शाळांतली मुलं पात्र नाहीत, हे आधीच तपास. तुझा खर्च काही महिन्यांच्या रविवारच्या वर्गांचा. मात्र दरवर्षी पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं, आणि पास झालेली मुलंही तिथे गळतात. तेही कागदपत्रांच्या माणसाकडे दे.

तुमच्या नोंदणीला अजून तीन वर्षं झालेली नाहीत, तेव्हा कंपनी तुम्हाला थेट पैसे देऊ शकणार नाही. तेवढ्या काळाच्या कामाच्या अनुभवाची अट नियमातच आहे. जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या न्यासाबरोबर लेखी करार करून त्यांच्यामार्फत जा, आणि कामाचं श्रेय कुणाच्या नावावर जाईल तेही करारात घाल. नंतर त्यावरून फार कडवट भांडणं होतात. कंपनी म्हणेल, आमचा कारखाना चाकणला, बीड आमच्या परिसरात बसत नाही. परिसराला प्राधान्य द्यावं असं कायदा म्हणतो खरा, पण ते बंधनकारक नसल्याचं कंपनी व्यवहार मंत्रालयाने स्पष्ट केलंय. ते स्पष्टीकरण छापून सोबत ने.

‘१०० टक्के यश’ हे वाक्य खोड. त्याजागी तीन आकडे द्यायचं कबूल कर : किती जणांनी प्रवेश घेतला, किती जण पहिल्या सत्राच्या परीक्षेला बसले, किती जण दुसऱ्या वर्षाला गेले. तिसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच लहान येईल. तो तसाच दे, आणि गळलेल्यांची कारणं शेजारी लिही. काही अधिकारी नाक मुरडतील, काही मात्र पुढच्या वर्षी स्वतः फोन करतील.

नवं बजेट आणि महिन्यांचा तक्ता गणपतीच्या आधी पाठव. कंपन्यांचं उरलेल्या पैशांचं वाटप दिवाळीनंतर ठरायला लागतं, त्याआधी तुझा कागद टेबलावर हवा. मजकूर पुन्हा पाठवायची गरज नाही, तो ठीक आहे.

तुझी,
ताई